चिंच, रांगोळी आणि लाल गाडी

जयतीर्थांनी अंगठ्याला थुंकी लावली आणि बॉनेटवरच्या ओरखड्यांवरून तो जोरात फिरवला. ओरखडे गेले. त्यांना एकदम हायसं वाटलं. पण दाजीबानपेठेतलं ऊन ते. अंगठ्याएवढी ओल वाळायला कितीसा वेळ लागणार? ती वाळली आणि ओरखडे होते तिथं परत हजर झाले.

"अप्पा, पुरे. लोक बघायला लागलेत," दीपश्री म्हणाली. तिच्या दोन्ही हातांत कापडाच्या पिशव्या होत्या आणि कपाळावर घाम.

"बघू देत की. बघायलाच पाहिजे लोकांनी!"

एखादी रेघ असती तर जयतीर्थांनी गिळली असती. पण सगळं बॉनेट आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार बारीक बारीक रेघांनी भरून गेलं होतं. लाल रंग जिथं जिथं चमकायला पाहिजे तिथं तिथं पांढुरका दिसत होता. गाडी आल्याला आठवडा झाला नव्हता. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं.

आणि गाडी त्यांची असती तरी एक वेळ चाललं असतं. गाडी होती संजीवची, त्यांच्या भाच्याची. नोकरी लागल्यापासून एकेक पैसा बाजूला टाकून त्यानं ही मारुती घेतली, पहिल्यांदा ती आईच्या दारात उभी केली, आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसनं त्याला पुण्याला पाठवलं. जाताना किल्ली मामांच्या हातात देऊन तो म्हणाला होता, "दसऱ्याचा बाजार गाडीतून करा मामा. फक्त जपून." त्या 'फक्त जपून'ला जयतीर्थ हसले होते. तीस वर्षं धारवाडच्या कोर्टात वकिली केलेल्या माणसाला काय सांगतोस, असं त्या हसण्यात होतं. आता ते हसू त्यांच्या अंगाशी आलं.

उद्या खंडेनवमी. उद्याच दुपारच्या गाडीनं संजीव येणार होता, आपल्या गाडीची पूजा करायला.

बॉनेटच्या अगदी नाकाशी एक हातगाडी उभी होती, कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेली. गठ्ठे गोणपाटात शिवलेले. जयतीर्थांनी गाडीकडं पाहिलं, हातगाडीकडं पाहिलं. मग वायपरच्या खाली अडकलेला एक तपकिरी धागा त्यांना दिसला. त्यांनी तो चिमटीत धरून हळूच ओढून काढला आणि त्यांच्यातला वकील जागा झाला.

"ही हातगाडी कोणाची?"

"माझी, साहेब." दुकानाच्या पायरीवर बसलेला महादेव उठून उभा राहिला. गणपतअण्णांच्या दुकानातला जुना हमाल तो. डोक्याला बांधलेला पंचा सोडून त्यानं घाम पुसला.

"हे तू केलंस?"

महादेव पुढं आला. बॉनेटकडं बघून त्यानं जीभ चावली. "अरारा! कोणी केलं हो हे?"

"मीच विचारतोय. हा धागा बघ. गोणपाटाचा. माझ्या गाडीच्या वायपरमध्ये कसा आला? उडत आला? गठ्ठे उतरवताना टेकवलेस ना बॉनेटवर? घासत ओढलेस ना?"

"नाही हो. मी आलो तेव्हा तुमची गाडी इथंच होती. मी हात पण लावला नाही. हातगाडी लावून पाणी प्यायला बसलो, तेवढ्यात तुम्ही आलात."

"मग भुतानं केलं?"

जयतीर्थांचा आवाज कोर्टात कमावलेला. शेजारचा भांडीवाला बाहेर आला, समोरचा रेडिमेडवाला पायरीवर येऊन उभा राहिला, फुलं घ्यायला आलेल्या दोन बायका थांबल्या. दीपश्रीनं पिशव्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवल्या आणि आत बसून टाकलं. बापाचा आवाज असा चढला की तिला जमिनीत जावंसं वाटे. तो चढला म्हणजे चटकन उतरत नाही, हेही तिला ठाऊक होतं.

शेवटी गल्ला सोडून गणपतअण्णा स्वतः खाली आले. त्यांच्या आजोबांपासूनचं दुकान, आणि जयतीर्थांच्या घरातलं लग्नाकार्याचं कापड तेव्हापासून इथलंच. त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला, चष्मा वर केला, खाली केला.

"वकीलसाहेब, माझ्या दारात झालंय ना? मग माझं. सण होऊ द्या, ओळखीच्या गॅरेजात पॉलिश करवून देतो. चला, आत या, सोडा मागवतो. ऊन लागलंय तुम्हाला."

"सोडा नको. उद्या पोरगा येतोय, त्याला मी काय तोंड दाखवू ते सांगा."

तेवढ्यात महादेव हळूच म्हणाला, "अण्णा, तुम्ही भरून देतो म्हटलात की मी केलं असंच झालं की."

गणपतअण्णा चष्मा पुसायला लागले. जयतीर्थांनी तो धागा हातरुमालात नीट गुंडाळला, पुरावा म्हणून खिशात घातला, आणि दार आपटणार होते ते दाराची दया येऊन हळूच लावलं.

गाडी पेठेबाहेर पडल्यावर दीपश्री म्हणाली, "त्यानं केलं नसेल तर, अप्पा?"

"धागा सापडलाय."

"एक धागा!"

"एका धाग्यावर मी केस जिंकलीय," जयतीर्थ म्हणाले. ते खरं नव्हतं, पण दीपश्रीला वाद घालायचा कंटाळा आला होता.

नवनगरात घराशी आल्यावर त्यांनी गाडी उलटी-सुलटी करून अशी लावली की बॉनेट भिंतीकडं आणि ड्रायव्हरचं दार कंपाउंडकडं. अक्काला दिसायला नको. अक्का म्हणजे विमलाबाई, जयतीर्थांची थोरली बहीण, संजीवची आई. पोर अडीच वर्षांचं असताना नवरा गेला आणि जयतीर्थ जाऊन तिला घेऊन आले. आली खरी, पण फुकटचा घास तिनं कधी खाल्ला नाही. लोकांकडं स्वयंपाक केला, चटणीपुडी कुटून विकली, आणि उरलेल्या वेळात घरातलं जे जे दिसेल ते घासलं. तिच्या हाताखालून गेलेला तांब्या उन्हात बघवत नसे. जयतीर्थांची बायको तर कौतुकानं म्हणायची, वन्सं आल्या आणि घरातले आरसे वाढले. ती सध्या आईच्या आजारपणामुळं कलघटगीला माहेरी गेली होती, त्यामुळं सणाची सगळी भांडी यंदा अक्काच्याच वाट्याला आली होती. मोतीबिंदू पिकत आलेला, कंबर वाकलेली. तरी कोणी मदतीला गेलं तर रागवायची.

अक्का ओट्यावर बसून फुलवाती वळत होती. गाडीचा आवाज ऐकून तिनं मान वर केली.

"आलात? गाडीचं तोंड भिंतीकडं कशाला रे केलंस जया? रस्त्याकडं असू दे की. चार लोकांना दिसू दे."

"ऊन लागतं गाडीला."

"बरं." ती पुन्हा वाती वळायला लागली. पण मन वातीत नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाली, "बाजारात कोणी काही म्हटलं का रे गाडीला?"

जयतीर्थ चपला काढायला वाकले. "काय म्हणायचंय?"

"नाही, सहज विचारलं. नवी गाडी. बघत असतील लोक."

"बघत होते खूप," दीपश्री म्हणाली आणि आत गेली.

अक्का आपल्याशीच हसली. "बघणारच," म्हणाली.

संध्याकाळी पाय धुवायला जयतीर्थ मागच्या दारी गेले. धुण्याच्या दगडाशेजारी उद्यासाठी घासलेली पितळेची भांडी उपडी घालून ठेवली होती. समई, घंटा, पंचपात्री, त्यांच्या वडिलांच्या वेळची घागर. सगळ्यांत मावळतीचं ऊन उतरलेलं. बाजूला करवंटीत चिंचेचा कोळ, वाटीत ओली रांगोळी, आणि घासायची नारळाची शेंडी.

शेंडी लाल होती.

कुंकू सांडलं असेल, असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी ती उचलली. कुंकू बोटाला लागतं. हे लागलं नाही. शेंडीच्या केसाकेसात बसलेला तो लाल रंग त्यांनी दुपारभर बघितला होता. त्यांनी खिशातून हातरुमाल काढला, उलगडला, पुराव्याचा धागा शेंडीच्या शेजारी धरला. एका आईची दोन लेकरं ओळखायला वेळ लागत नाही. गोणपाट कुठलं नि काय कुठलं!

ते तिथंच दगडावर बसले.

सकाळचं सगळं त्यांना ओळीनं आठवलं. ते आंघोळ, संध्या आटपून बाहेर आले तेव्हा गाडी ओलीचिंब होती, पाणी निथळत होतं. अक्कानं गाडीवर पाणी घातलंय म्हणून त्यांना केवढं कौतुक वाटलं होतं. ओल्या गाडीवर ओरखडे दिसले नाहीत. पेठेत पोचेपर्यंत ती वाळली, आणि ते दुकानातून बाहेर येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. दुपारी आपल्याच थुंकीनं ओरखडे लपत होते, तरी त्यांच्या डोक्यात उजेड पडला नव्हता. चिंच लावून, रांगोळीनं, शेंडीनं, जमेल तेवढा जोर लावून तिनं मुलाची गाडी घासली होती. कंबरेनं साथ दिली असती तर टपही सोडला नसता.

पण जयतीर्थांना खरी भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. गेल्या वर्षी संजीवनं पहिल्या पगारवाढीचं घड्याळ घेतलं होतं, सोन्याचं पाणी दिलेलं. अक्कानं तेही असंच, देवाच्या भांड्यांबरोबर, चिंचेनं उजळून ठेवलं. पाणी उडालं, खालचं पांढरं निघालं. संजीव ओरडला, "आई, माझ्या वस्तूंना हात लावायला तुला सांगतं कोण?" रागाच्या भरात बोलला, तासाभरात विसरला. अक्का विसरली नाही. तेव्हापासून ती मुलाचा टॉवेल उचलायचा झाला तरी विचारायची, "उचलू का रे?" ते ऐकलं की जयतीर्थ उठून बाहेर जायचे. आणि आज, इतक्या महिन्यांनी, तिनं न विचारता त्याच्या वस्तूला हात लावला होता.

त्यांनी शेंडी कागदात गुंडाळली आणि कचऱ्याच्या टोपलीत अगदी तळाशी घातली. मग हातपाय धुतले.

खंडेनवमीच्या सकाळी ते सिटी बसनं दाजीबानपेठेत गेले. दुकानांच्या दारांना केळीचे खुंट बांधले होते, रस्त्यावर झेंडूचा खच पडला होता. महादेव आपली हातगाडी धूत होता. चाकं धुऊन झाली होती, आता फळ्यांवर पाणी मारत होता. जयतीर्थांना बघून त्यानं बादली खाली ठेवली.

"काय, आज आणखी काही निघालं का?"

"महादेव, तू केलं नव्हतंस."

"ते मी कालच सांगितलं होतं की."

"माझी चूक झाली."

महादेवानं पंचाला हात पुसले. त्याचा चेहरा काही नरम पडला नाही. "साहेब, काल तुम्ही बोललात ते सगळ्या पेठेनं ऐकलं. आज हळूच येऊन माझ्या कानात सांगताय. काल रात्री बायको म्हणाली, गाडीवर आळ आहे, तर उद्या पूजा कशी करणार? आता हिला हळदकुंकू कोणत्या तोंडानं लावू, सांगा."

जयतीर्थ वळले. भांडीवाला तोरण बांधत होता, रेडिमेडवाला उदबत्ती ओवाळत होता, गणपतअण्णा कापड मोजायचा गज पुसत होते. जयतीर्थांनी कालचाच आवाज लावला.

"ऐका हो! काल माझ्या गाडीला ओरखडे पडले ते महादेवानं पाडले नाहीत. ते माझ्या घरीच पडले होते. मी न बघता, न विचारता बोललो. महादेवाची माफी मागतो."

भांडीवाल्यानं शिडीवरूनच मान डोलवली, आणि रेडिमेडवाला म्हणाला, "झालं गेलं. सणाचा दिवस."

महादेवानं बादली उचलली आणि उरलेलं पाणी चाकावर ओतलं. "इरली बिड्री," तो कन्नडमध्ये म्हणाला, असू द्या. आता कुठं त्याच्या आवाजातला ताठा गेला. "पण घरात कसं काय पडले हो एवढे?"

जयतीर्थांनी सांगितलं. चिंच, रांगोळी, शेंडी, घड्याळ, टॉवेल, सगळं. गणपतअण्णा ऐकता ऐकता हसायला लागले आणि घड्याळापाशी आल्यावर हसायचे थांबले.

"मग पोराला काय सांगणार आता?" त्यांनी विचारलं.

"मी ठोकली म्हणून सांगतो."

"तुम्ही ठोकलीत तर पोचे पडले असते. ओरखडे कसे पडतील? वकील ना तुम्ही?" महादेव म्हणाला. "माझंच नाव सांगा. पेठेत हातगाडी घासली म्हणा."

"छे छे! आत्ता तर मी..."

"अहो, पेठेला कळलं ना मी केलं नाही म्हणून? माझं भागलं. मी इथं राहतो, इथं जेवतो. नवनगरातल्या एका पोराला वाटलं महादेव वेंधळा आहे, तर वाटू दे की. मला कुठं त्याला मुलगी द्यायचीय!"

जयतीर्थांनी महादेवाचा हात दोन्ही हातांत धरला. तो ओला होता आणि त्याला झेंडूचा वास येत होता.

"फार उपकार झाले तुझे," ते म्हणाले.

"पूजेला थांबा. प्रसाद घेऊन जा," महादेव म्हणाला.

संजीव दुपारी रिक्षातून उतरला तो बॅग खाली टाकून आधी गाडीकडंच गेला. जयतीर्थांनी स्वतः गाडी वळवून पूजेसाठी रस्त्याकडं तोंड करून लावली होती. आता लपवून उपयोग नव्हता. संजीव बॉनेटपुढं उभा राहिला. त्याचं हसू हळूहळू गेलं.

"मामा, हे काय?"

"दाजीबानपेठेत रे. हातगाडी घासली. महादेव म्हणून हमाल आहे, चांगला माणूस, चुकून झालं त्याच्याकडून. गणपतअण्णा पॉलिश करून देतो म्हणालेत." पाठ केलेलं सगळं त्यांनी एका दमात म्हणून टाकलं.

संजीवच्या कपाळाची शीर उठली. जयतीर्थांना ती ओळखीची होती. तो काही बोलणार तोच वाकला, ओरखड्यांवर बोट ठेवलं आणि एका रेघेवरून पुढं नेऊ लागला. बोट पुढं गेलं, वळलं, परत फिरून होतं तिथं आलं. शेजारच्या रेघेवरून नेलं. तीही तशीच गोल फिरून आली. सगळं बॉनेट असल्या लहान लहान गोलांनी भरलं होतं, एकाला लागून एक, मध्ये कुठं जागा न सोडता.

संजीवनं वाकूनच घराच्या दाराकडं पाहिलं.

आतून अक्का आली. हातात आरतीचं ताट, त्यात लिंबं, हार, कुंकवाची कोयरी. पाठोपाठ कोहळा घेऊन दीपश्री. अक्का अंदाजानं पाऊल टाकत गाडीपाशी आली आणि थांबली. मुलगा आल्याचा आनंद होताच तोंडावर, पण त्याखाली आणखी काहीतरी होतं. ती वाट बघत होती.

जयतीर्थांनी ताटातला हार उचलून घेतला.

"आई," संजीव सरळ होत म्हणाला, "गाडी कसली लख्ख दिसतेय गं."

"दिसतेय ना?"

"शोरूममधून आणली तेव्हासुद्धा अशी नव्हती."

अक्कानं निरांजनाची वात पुढं सारली. "मला काय, धड दिसत नाही मेलं," ती म्हणाली. "तू म्हणतोस म्हणजे असेल." आणि मग न विचारता तिनं मुलाच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला, त्याच्या तोंडावरचा प्रवासाचा घाम पुसला, कपाळाला कुंकू लावलं. गाडीलाही लावलं. बॉनेटच्या बरोबर मध्ये, गोल गोल रेघांवर, तिनं स्वस्तिक काढलं. चाकांखाली लिंबं ठेवली, संजीवनं गाडी पुढं घेतली, कोहळा फुटला.

अक्का आत गेल्यावर संजीव मामांजवळ आला. रुमालानं हात पुसत, दुसरीकडं बघत म्हणाला, "पेठेतल्या हातगाड्या गोल फिरतात वाटतं हल्ली?"

जयतीर्थांनी खाकरून घसा साफ केला.

"माझी शाळेतली सायकल आठवते का मामा? तुम्ही जुनी घेऊन दिलेली, हिरवी? दर नवमीला आई घासायची. दहावीला गेलो तोवर हिरवा रंग औषधालासुद्धा उरला नव्हता. सगळ्या सायकलींत माझी लांबून ओळखू यायची." तो हसायला गेला आणि ते त्याला जमलं नाही. "घड्याळाचं मी तेव्हा फार वाईट बोललो."

"तिनं मनात ठेवलं नाही," जयतीर्थ म्हणाले.

"ठेवलं. मला माहीत आहे. टॉवेल विचारून उचलायची." त्यानं रुमाल खिशात घातला. "पॉलिश नको म्हणून सांगा गणपतअण्णांना. राहू दे अशीच. आणि त्या महादेवाला मला भेटायचंय."

दसऱ्याच्या संध्याकाळी सगळे बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन गाडीतून निघाले. पुढं संजीवशेजारी अक्का, नवी इरकली साडी नेसून. मागं जयतीर्थ आणि दीपश्री. पेठेत दुकानं बंद होती, पण माणसं रस्त्यावर होती. जो तो दुसऱ्याच्या हातात पान देत होता, मोठ्यांच्या पाया पडत होता, बन्नी घ्या, सोन्यासारखे राहा, असं कन्नडमध्ये आणि मराठीत म्हणत होता. गणपतअण्णा दुकानाच्या पायरीवर बसले होते. शेजारी हार घातलेली हातगाडी, आणि हातगाडीला टेकून महादेव, धुतलेल्या सदऱ्यात.

संजीव उतरला. महादेवाच्या हातात बन्नी दिली आणि तो पाया पडायला वाकला, तसा महादेव दोन पावलं मागं सरकला.

"अरे अरे, हे काय! मी कोण?"

"मामांनी सांगितलं तुम्ही कोण ते," संजीव म्हणाला, आणि वाकलाच.

एवढ्यात गाडीची काच खाली झाली. उघड्या काचेतून अक्काचा हात बाहेर आला, बन्नीचं पान घेऊन.

"कोण रे उभं आहे तिकडं? मलाही द्यायचीय बन्नी."

महादेव जवळ गेला. पान घेऊन त्यानं कपाळाला लावलं. "मी महादेव, अक्कार. अण्णांच्या दुकानातला."

"असं का. बरं झालं. तू बाजारातला माणूस, रोज शंभर गाड्या बघत असशील." अक्का काचेतून आणखी थोडी बाहेर वाकली. "खरं सांग. अशी चकचकीत गाडी बघितलीस का कुठं? मी घासलीय. चिंचेनं."

भांडीवाला तिथंच उभा होता, रेडिमेडवालाही. परवाचं त्या दोघांनी ऐकलेलं, कालचंही ऐकलेलं. जयतीर्थांनी डोळे मिटून घेतले.

महादेवानं बॉनेटकडं पाहिलं. हार बाजूला करून तळहात त्यावरून फिरवला, अगदी सावकाश.

"नाही बघितली, अक्कार," तो म्हणाला. "देवाशपथ. पुढच्या नवमीला माझी हातगाडी घेऊन येतो तुमच्याकडं. ती पण अशीच घासून द्या."

भांडीवाल्यानं तोंड फिरवलं. संजीव चाकाकडं बघत होता. अक्का मात्र विचारात पडली. मग तिनं समजूत घालावी तसं मान हलवली.

"आण की. पण तुझी गाडी लाकडाची ना रे बाबा? लाकडाला चिंच लावायची नसते. रांगोळीनं तर चरे पडतात. तेलाचा हात द्यावा लागतो," ती म्हणाली. "ज्याचं त्याला कळायला पाहिजे, नाहीतर चांगली वस्तू खराब होते."

"होय आई," संजीव म्हणाला. तो गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला आला आणि खिडकीतून तिचा तो रांगोळीनं खरखरीत झालेला हात त्यानं आपल्या हातात घेतला. आईला बन्नी द्यायची राहिली होती.